आई बाजारात गेलीय

१ नोव्हेंबर १९८७, रविवार
हिरा उद्या येतेय. तयारी पूर्ण. दोन फ्रॉक, एक स्वेटर, दुधाचा छोटा पेला आणि दाबलं की ओरडणारं प्लास्टिकचं बदक. खोलीतली गादी उन्हात घातली. पंधरा तारखेपर्यंत रजा मंजूर आहे.

गेल्या वर्षी नर्सच्या नेमणुकीचा कागद आला तेव्हा हिरा साडेदहा महिन्यांची होती. माझं उपकेंद्र वाणगावच्या आतल्या बाजूला, पाड्यापाड्यांत पायी फिरायचं. रामकिसनला कारखान्यात बॉयलरवर तीन पाळ्या. (तोंडाने मी 'अहो' म्हणते, वहीत नाव लिहिते. वही कोण बघतंय.) बोईसरला आपलं माणूस एकही नाही. म्हणून तिला गेवराईकडे गावी ठेवली, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे. झुंबर त्यांचं नाव, मी अक्का म्हणते. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांना मूल नाही. त्यांनी हिराला आनंदाने घेतलं. वर्षभरात मी दोनदा जाऊन आले. आता आमच्या चाळीतल्या इंदुबाई दिवसभर सांभाळायला तयार झाल्या आहेत, तेव्हा मुलगी आपल्या घरी.

मूल किती दिवसांत रुळतं हे मला कोणी शिकवायला नको. रोज बायांना तेच तर सांगते. फार तर आठ दिवस.

२ नोव्हेंबर, सोमवार
नाशिकहून येणारी एस.टी. पालघरला दुपारी पोचली. अक्का उतरल्या, कडेवर हिरा. किती वाढली आहे! केस कुरळे, रामकिसनसारखे. मी हात पुढे केले तर तिने अक्कांच्या मानेत तोंड खुपसलं.

"आगं, तुही माय हाये ती. जा की," अक्का म्हणाल्या.

हिराने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि अक्कांना म्हणाली, "आई, घली चल."

अक्कांचा चेहरा एवढासा झाला. "म्या न्हाई शिकिवलं बरं का. मी मोठी आई म्हन म्हनायचे, पन तिच्या तोंडात आईच बसलं."

मी हसून म्हटलं, "काही बिघडत नाही अक्का. मूल डोळ्यांसमोर जे दिसतं त्यालाच आई म्हणतं." मला खरोखर काही वाटलं नाही. हे लिहून ठेवते, कारण रामकिसनने बोईसर येईपर्यंत तीनदा विचारलं, तुला काही वाटलं का म्हणून.

५ नोव्हेंबर
अक्का फार समजूतदार. काजळ घालू नका म्हटलं, बरं म्हणाल्या. भाकरी तोंडात चावून मऊ करून भरवू नका, जंतू जातात, म्हटलं. बरं म्हणाल्या. दोन्ही गोष्टी चालूच आहेत, पण वाद घालत नाहीत. हिराचे कपडे मी धुणार म्हटलं होतं, तर मी उठायच्या आत सगळे धुऊन दोरीवर. काल धुतलेलेसुद्धा.

आज मला समोर बसवून सांगत होत्या. हिराला ताक लागतं, वरणात गूळ लागतो, झोपताना ती कानाची पाळी धरते, आपला कान तिच्या हाताशी आला पाहिजे. "लिहून ठिव गं, तुला येतंय की लिव्हायला." मी म्हटलं, लक्षात राहील. असल्या सवयी सुटलेल्याच बऱ्या.

चाळीत सगळे मला नर्सबाई म्हणतात. हिराने ते उचललं. मला 'नसबाई' म्हणते. इंदुबाई हसून लोटपोट.

८ नोव्हेंबर, रविवार
अक्का मंगळवारी निघणार. कसं निघायचं ते मी ठरवलं. हिरा दुपारी जेवून दोन तास झोपते, तेवढ्यात निघायचं. उठेल तेव्हा मी समोर असेन, थोडी रडेल, विसरेल. अक्का म्हणाल्या, "सांगून जाऊ का तिला?" मी म्हटलं, कळतं काय तिला? उगाच रडून आकांत करेल, तुमचाही पाय निघणार नाही. डोळ्यांआड झालं की मूल सावरतं.

अक्कांनी रामकिसनकडे बघितलं. तो बूट पुसत होता. पुसतच राहिला.

१० नोव्हेंबर
ठरल्याप्रमाणे पार पडलं. दीड वाजता हिरा झोपली. अक्कांनी हलकेच तिच्या हातातून आपला कान सोडवून घेतला, पिशवी उचलली. आवाज नको म्हणून चपला हातात धरून चाळीच्या टोकापर्यंत अनवाणी गेल्या. हिराचा मुकासुद्धा घेतला नाही, जागी होईल म्हणून. अशी शिस्तीची बाई मी पाहिली नाही.

सव्वातीनला हिरा उठली. मोरीत बघितलं, दारामागे बघितलं, खाटेखाली वाकून बघितलं. मग म्हणाली, "आई?"

मी म्हटलं, "आई बाजारात गेलीय. येईल हं."

दिवेलागणीपर्यंत रडली. अपेक्षितच होतं.

१२ नोव्हेंबर
रडणं चालू. दारातून कोणी बाई गेली की उठते. बदक बघून आणखी रडते. अन्न दोन घास. मी नेटाने घेते आहे. हा तिसरा दिवस, उतार पडायला हवा.

१५ नोव्हेंबर, रविवार
आज चांगला दिवस. सकाळपासून "बाजाल, बाजाल" असा जप चालला होता, म्हणून तिला घेऊन बाजारात गेले. काय रमली! रडली नाही, हट्ट नाही. भाजीवाल्या, सुक्या मासळीवाल्या, बांगड्यावाली, एकेका बाईपाशी थांबून इतकं निरखून बघत होती की मला कौतुक वाटलं. फुगा घेऊन दिला, तो तिने धरलाही नाही. माणसं बघण्यातच गुंग. पोर चौकस निघणार. पार शेवटच्या टोकापर्यंत नेलं तेव्हा कुठे परत यायला तयार झाली.

येताना खांद्यावर डोकं ठेवून गप्प होती. दमली असणार.

१७ नोव्हेंबर
कालपासून कामावर हजर. इंदुबाईंनी हिराला मागच्या दारी कोंबड्या दाखवायला नेलं आणि मी पुढून सटकले. दोन्ही दिवस जमलं. संध्याकाळी इंदुबाई म्हणाल्या, अजिबात रडली नाही. बघा! बरोबर आठव्या दिवशी. बायांना मी सांगते ते काही पुस्तकातलं नाही.

"पण पोर जागची हलत नाही हो," असंही म्हणाल्या. त्यांना गल्लीतल्या दंगेखोर पोरांची सवय. आमची शांत आहे.

१८ नोव्हेंबर
मोठ्या दिरांचं, शिवाजीभाऊजींचं कार्ड आलं. खुशाली. 'झुंबर दिवसभर रानातच असते, घरात थांबत नाही,' असं लिहिलंय. ज्वारीची खुरपणी चालू असणार.

२० नोव्हेंबर
हिरा दुपारची झोपत नाही. डोळे मिटायला लागले की मान झटकते, पुन्हा ताठ बसते. इंदुबाई थापटतात तर उठून भिंतीला टेकून उभी राहते. वाढत्या वयात झोप कमी होते, हे आहेच.

बोलत नाही मात्र. गावाकडे वाक्यं बोलायची म्हणे. माझ्याशी 'नसबाई'सुद्धा नाही. पाहिजे ते बोटाने दाखवते. नवीन भाषा कानावर पडते आहे, चाळीत हिंदी, गुजराती, वसईकडचे, घाटावरचे सगळे. गोंधळली असेल.

२३ नोव्हेंबर, सोमवार
इंदुबाईंना ताप, म्हणून हिराला उपकेंद्रात नेलं. सहज झोळीच्या काट्यावर टांगलं. साडेनऊ किलो. गावच्या अंगणवाडीच्या कार्डावर ऑक्टोबरात दहा किलो दोनशे आहे. काटा जुना झालाय, तपासून घ्यायला हवा.

लसीला तानी आली होती. वरच्या पाड्यावरची, तीन वर्षांची मोठी मुलगी पारू आणि चार महिन्यांचा तान्हा. तान्ह्याला त्रिगुणी टोचली. नंतर तानीला मजुरीला जायचं होतं, पारू तिच्या आजीजवळ राहणार होती. तानी पारूपुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी जाते हां. भात झोडाय जाते. दिस बुडता येन." पारूने जे भोकाड पसरलं, सगळं उपकेंद्र दणाणलं. तानी उठली, चालू लागली.

मी तिला थांबवून चांगली झापली. म्हटलं, "कशाला सांगतेस तिला? गुपचूप निघून जावं. रडवून काय मिळालं?"

तानी माझ्याकडे बघतच राहिली. "गपचूप कशी जाऊ, बाय? मी काय चोर हाय? न सांगता गेली तं ती दिसभर मागंच बघत ऱ्हाईल, आय हाय का नाय, आय हाय का नाय. जेवायची नाय, निजायची नाय. आता रडते तं रडूदे. तिला ठाव हाय, आय सांगून जाते नं परत येते."

मग कोपऱ्यात बसलेल्या हिराकडे बघून म्हणाली, "ही कोनाची? आजारी हाय का?"

"माझी आहे. आजारी नाही. शांत आहे," मी म्हटलं.

पारूचं रडणं एव्हाना थांबलं होतं, ती आजीच्या मांडीवर बसून भाकर खात होती. लहान मुलांच्या मानसशास्त्राबद्दल पाड्यावर काय माहिती असणार. तरी बोलणं डोक्यातून जात नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार
आजचं आजच लिहून ठेवते.

साडेपाचला चाळीत शिरले तर इंदुबाई गल्लीत उभ्या राहून रडत होत्या. नळाला पाणी आलं म्हणून कळशी भरायला गेल्या, मागे वळल्या तर हिरा नाही. त्याला तास होऊन गेला होता. रामकिसन पहिल्या पाळीहून येऊन झोपला होता, तो तसाच उघड्या अंगाने स्टेशनच्या बाजूला धावला होता. शेजारची माणसं गटारं बघत होती. रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक. मला एकही ट्रक दिसत नव्हता, नुसती चाकं दिसत होती.

इंदुबाई म्हणत होत्या, "अहो ती जाणार कुठं? तिला ठाऊक काय आहे इथलं?"

आणि मला माझाच आवाज ऐकू आला. आई बाजारात गेलीय.

मी पळाले. सुकी मासळी विकतात तिकडे एका कोळणीच्या शेजारी, गोणपाटावर हिरा बसली होती. एका पायात चप्पल नाही. कोळीण म्हणाली, "तुजी हाय का गो? कवाधरना आयलीय. रडत नाय, काय नाय. येनाऱ्या बायांचा येकेकीचा तोंड बगते. मी इचारला कोन पायजे, तं बोलते आई बाजाल."

त्या रविवारी ती रमली नव्हती. शोधत होती. मी तिचा हात धरून तिला त्या टोकापर्यंत फिरवलं आणि तिने एकेक बाई तपासली. मी वर फुगा घेऊन दिला.

घरी आल्यावर रामकिसन हिराला पोटाशी धरून बसला. म्हणाला, "वहिनी चपला हातात घेऊन गेल्या ना, ते मी खिडकीतून बघत होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं मी." मग म्हणाला, "तुला सगळं माहीत असतं, म्हणून बोललो नाही."

टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं. म्हणून जास्त लागलं.

झोपत का नव्हती, तेही आता कळलं. झोपलं की माणूस जातं.

२६ नोव्हेंबर
पोस्टात जाऊन तार केली. 'हिरा बरी आहे. अक्कांना ताबडतोब पाठवा.' तारमास्तर म्हणाले, बरी आहे तर ताबडतोब कशाला? मी म्हटलं, तुम्ही पाठवा.

काटा चांगला आहे. आज दुसऱ्या दोन मुलांची वजनं त्यावर बरोबर आली.

३० नोव्हेंबर
अक्का आल्या. शनिवारी हिराला दोन वर्षं झाली, ते त्यांच्या लक्षात होतं. कापडात बांधून गुळाच्या पोळ्या आणल्या.

मला वाटलं होतं हिरा धावत जाईल. गेली नाही. दारात अक्का दिसल्या तशी ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अक्का खाली बसल्या. "हिरे. मही बाय." तेव्हा ती वळली आणि दोन्ही हातांनी अक्कांना मारायला लागली. तोंडावर, छातीवर, हात दुखेपर्यंत. मी पुढे झाले तर अक्का म्हणाल्या, "थांब. मारू दी. मार, माय, मार."

मारता मारता रडायला लागली. दोन आठवड्यांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मग अक्कांच्या मांडीतच झोपली, दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळपर्यंत उठली नाही आणि अक्काही जागच्या हलल्या नाहीत.

२ डिसेंबर
आज पहिल्यांदा सांगून निघाले. तानीसारखी उकिडवी बसले, म्हटलं, "मी कामावर जाते. संध्याकाळी येते." हिराने अक्कांचा पदर धरून माझ्याकडे रोखून बघितलं. रडली नाही. मी जाते याचं तिला काय! जराशी रडली असती तर बरं वाटलं असतं, हे लिहायला लाज वाटते. लिहिते.

६ डिसेंबर, रविवार
मी आणि अक्का मागच्या दारी वाल सोलत बसलो होतो. हिरा टरफलं गोळा करत होती. मी म्हटलं, "अक्का, माझी चूक झाली. हिराला सांगून जायला हवं होतं तुम्ही. तिचा विचार नाही केला मी."

अक्का सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बी नीट निरोप घ्यायचा व्हता गं."

आता लिहिताना या वहीत पाठीमागे जाऊन वाचलं. हिरा काय खाते, किती रडते, सगळं आहे. अक्का कशा गेल्या हेही आहे, आणि त्याला मी शिस्त म्हटलंय.

"माझ्याकडे येत नाही ती अजून," वाल सोलता सोलता मी म्हटलं.

"यील. तुह्यासारखीच हाये, अडेल. म्या तिला वरीसभर तुहा फोटू दाखवायचे. लगनातला. हे कोन? तर म्हनायची बाऊली." अक्का हसल्या. "मनातनं लई वाटायचं, न दाखवावा. पन दाखवायचे."

तेरा तारखेला निघायचं ठरलं. अक्का दोन दिवसांपासून तिला रोज सांगताहेत. मी गावाला जानार. तू इथं ऱ्हानार, तुह्या मायपाशी. मी आखाजीला यीन. हिराला आखाजी, म्हणजे उन्हाळ्यातली अक्षय्य तृतीया, काय कळणार, पण ऐकते. काल आपणहून बोलली, "मोती आई गावाला." चार शब्दांची भूक होती माझ्या कानांना, तीन मिळाले.

९ डिसेंबर
आज मी निघताना रडली. थोडीशीच. इंदुबाईंना ऐकू गेलं म्हणजे पुरेसं मोठं होतं.

१३ डिसेंबर, रविवार
पालघर स्टँड. चौघंही गेलो. अक्कांनी तिला घट्ट धरलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, कपाळाला कपाळ लावून म्हणाल्या, "जाते, माय. आखाजीला येते." मग स्वतः उचलून माझ्या कडेवर दिली. चपला पायात होत्या, आणि खडखड वाजवत पायऱ्या चढल्या. खिडकीतून हात हलवत होत्या, तोंड ओलं होतं, पदर लावला नाही.

हिराने स्टँड डोक्यावर घेतला. माझे केस ओढले, मला चावली. मी तिला गप्प केलं नाही. रामकिसन लोकांच्या नजरा चुकवत होता, मग तोही रडायला लागला आणि लोकांनीच नजरा वळवल्या. गाडी जव्हारच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही उभे होतो.

"मोती आई गेली," हिरा म्हणाली.

"हो. गावाला गेली."

"बाजाल नाई."

"नाही गं राणी. बाजारात नाही. गावाला."

ते तिने मान्य केलं असावं, कारण मग माझ्या खांद्याला नाक पुसलं.

१८ डिसेंबर
वजन नऊ किलो आठशे. माझा काटा उत्तम आहे.

उपकेंद्रात हल्ली बायांना मी निराळं सांगते. तानी परवा दाराशी बसून ऐकत होती. "हां," म्हणाली, "बाय शिकली." सगळ्या हसल्या. मीही हसले. शिकायला लागतंच.

२३ डिसेंबर, बुधवार
सकाळी सांगून निघाले. हिराचा आवाज मुख्य रस्त्यापर्यंत येत होता. मी वळून बघितलं, हात केला आणि गेले.

वाणगावहून गाडीला उशीर झाला. उतरल्यापासून जवळजवळ धावतच आले, पिशवीतली संत्री सांडायची बाकी राहिली होती. इंदुबाईंच्या उंबऱ्यात हिरा बसली होती, पुढ्यात डबा आणि परातभर वाटाणे. मी दम खात समोर उभी राहिले. म्हटलं, "हिरू, आले बरं का मी!"

बाईसाहेबांनी मान वर केली, मला बघितलं, "हां" म्हणाल्या, आणि पुन्हा एकेक वाटाणा डब्यात टाकायला लागल्या. एवढी धावत आले, पण उठायचं नाव नाही.